चरबी काढण्याचा धंदा आणि कार्यकर्त्यांचे हसू

शहरांतील रिक्षांच्या पाठीवर, उपनगरी गाड्यांच्या डब्यांत आणि आता तर प्रत्येकाच्या हातातील फोनच्या पडद्यावर एक जाहिरात सतत दिसते. पोट, मांड्या, हनुवटी, दंड, शरीराचा कोणताही भाग सांगा. तेथील चरबी नळीने ओढून काढली जाईल, वेदना होणार नाही, सकाळी यावे आणि संध्याकाळी घरी जावे. या शस्त्रक्रियेला लायपोसक्शन म्हणतात. तिचा विषय कार्यकर्त्यांच्या बैठकीत निघाला की बहुधा हशा पिकतो. शेठजींच्या पोटाचा प्रश्न शेठजींनी सोडवावा, चळवळीला त्याचे काय, असे कोणीतरी म्हणतो आणि चर्चा रेशनकडे किंवा पाणीपट्टीकडे वळते. हे हसू स्वाभाविक आहे, पण ते चुकीचे आहे. इतकेच नव्हे, तर जो धंदा या देशाच्या आरोग्यव्यवस्थेची दिशाच बदलू पाहतो आहे त्याला ते सोयीचेही आहे.

मुळात या शस्त्रक्रियेच्या टेबलावर केवळ शेठजी झोपतात हा समज जुना झाला. हप्त्याने पैसे भरण्याची सोय जिथे जाहिरातीतच छापलेली असते, तिथे गिऱ्हाईक कोणत्या वर्गातील अपेक्षित आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. ज्याच्यापाशी पैसा आहे तो हप्ते पाडून घेत नाही. लग्नाच्या बाजारात चारदा नाकारली गेलेली मुलगी, स्वागतकक्षात किंवा दुकानाच्या काउंटरवर उभी राहून नोकरी करणारी तरुणी, पडद्यावर लहानसहान भूमिका मिळवण्यासाठी धडपडणारा पोरगा, यांच्या शरीराकडे मालक आणि समाज कोणत्या नजरेने पाहतात याचा हिशेब या धंद्याने अचूक केलेला आहे. ही नजर केवळ खासगी मालकाची नाही. एअर इंडिया सरकारी मालकीची असताना तिने वजन जास्त म्हणून हवाईसेविकांना उड्डाणांवरून उतरवले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ साली ती कारवाई योग्य ठरवली आणि २००९ साली काही जणींना नोकरीतूनच काढण्यात आले. पोटाचा घेर हा जिथे भाकरीचा प्रश्न होतो, तिथे त्या घेरावर सुरी चालवून घेणाऱ्या बाईला हौशी म्हणणे हा निव्वळ अडाणीपणा आहे. बाजाराने तिला कोंडीत धरायचे आणि पुरोगाम्यांनी तिची टिंगल करायची, असा हा दुहेरी अन्याय आहे.

तेव्हा हसण्यापूर्वी ही शस्त्रक्रिया प्रत्यक्षात कशी केली जाते हे समजून घेतले पाहिजे. ज्या गोष्टीची माहिती फक्त विकणाऱ्यालाच असते, तिच्यावर नियंत्रण ठेवण्याची भाषा पोकळ ठरते.

तिचा इतिहास दुर्घटनेने सुरू होतो. १९२० नंतरच्या दशकात शार्ल दुजारिए या फ्रेंच शल्यविशारदाने एका नर्तकीच्या पायांची चरबी गर्भाशय खरवडण्याच्या धारदार हत्याराने काढण्याचा प्रयत्न केला. रक्तवाहिन्या तुटल्या, पाय सडला आणि अखेर तो कापावा लागला. त्यानंतर पन्नास वर्षे या वाटेला फारसे कोणी गेले नाही. १९७० नंतरच्या दशकात इटलीतील आर्पाद फिशर आणि जॉर्जो फिशर या पितापुत्रांनी पोकळ नळी आणि शोषणयंत्र यांची जोड घातली. पॅरिसच्या इव्ह-जेरार इलूझ यांनी १९७७ पासून बोथट टोकाची नळी वापरली आणि चरबीत आधी क्षारयुक्त पाणी सोडण्याची पद्धत आणली. टोक बोथट असल्यामुळे रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू कापले न जाता बाजूला सरकतात, हे त्यातले मर्म. तरीही रक्तस्राव हा मोठा अडथळा होताच. कोरड्या पद्धतीत ओढून काढलेल्या ऐवजाचा वीस ते पंचेचाळीस टक्के भाग रक्ताचा असे. मग कॅलिफोर्नियातील त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८५ च्या सुमारास विकसित केलेली आणि १९८७ साली प्रसिद्ध केलेली पद्धत आली. तिच्यात रक्ताचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरले. आज जगभर चालणारी शस्त्रक्रिया हीच, किंवा हिचेच फेरफार होत. जाहिरातींत मिरवणारी लेझरची, ध्वनिलहरींची, कंप पावणाऱ्या नळीची नावे ही या मूळ पद्धतीवर चढवलेली आवरणे आहेत. त्यांचे काही उपयोगही आहेत, पण त्यांनी दर जेवढा वाढतो तेवढा लाभ वाढत नाही.

प्रत्यक्ष काम असे चालते. रुग्णाला उभे करून त्याच्या त्वचेवर पेनाने खुणा केल्या जातात. उभे अशासाठी की आडवे झाल्यावर चरबी सरकते आणि उंचसखलपणा नाहीसा होतो. टेबलावर झोपलेल्या माणसाचे पोट डॉक्टरला फसवते. मग एक लिटर सलाईनमध्ये साधारण पाचशे ते हजार मिलिग्रॅम लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध, एक मिलिग्रॅम अ‍ॅड्रिनलिन आणि थोडा सोडा बायकार्ब असे मिश्रण तयार करतात. लिग्नोकेनने वेदना थांबते, अ‍ॅड्रिनलिनने बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि सोड्याने टोचतानाची आग कमी होते. काही मिलिमीटरची एक चीर पाडून हे पाणी त्वचेखालच्या चरबीत लिटरच्या मापाने सोडले जाते. तो भाग पाण्याने भरलेल्या मशकीसारखा ताठ फुगतो आणि कातडी पांढरी पडते. ती पांढरी पडेपर्यंत, म्हणजे पंधरा-वीस मिनिटे किंवा त्याहून अधिक काळ, थांबावे लागते. या थांबण्याला वैद्यकशास्त्रात फार महत्त्व आहे आणि धंद्यात काहीच नाही. दिवसाला किती रुग्ण उरकायचे याच्या हिशेबात पहिली कात्री येथेच लागते.

त्यानंतर त्याच चिरेतून दोन ते पाच मिलिमीटर जाडीची पोलादी नळी आत घालतात. तिचे टोक बंद आणि बोथट असते, छिद्रे कडेला असतात आणि दुसरे टोक शोषणयंत्राला किंवा मोठ्या सिरिंजला जोडलेले असते. शल्यविशारद एका हाताने नळी पुढेमागे चालवतो आणि दुसरा हात कातडीवर सपाट ठेवतो. खरे डोळे त्या दुसऱ्या हाताला असतात, कारण आत काहीच दिसत नाही. नळीचे टोक किती खोल आहे आणि कुठे चालले आहे हे केवळ तळव्याला कळते. नळी पंख्याच्या काड्यांसारखी वेगवेगळ्या दिशांनी फिरवून चरबीत बोगदे पाडले जातात, आणि दुसऱ्या चिरेतून पहिल्या बोगद्यांना छेद देणारे बोगदे पाडले जातात, म्हणजे वर खळगे पडत नाहीत. कातडीला लागून असलेला चरबीचा पातळ थर जाणूनबुजून राखायचा असतो. तो ओरबाडला तर त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो, कायमचे खळगे पडतात आणि कधी कातडीच मरते. खाली स्नायूंचे आवरण असते. ते ओलांडले तर पोटाची पोकळी लागते. जुना हर्निया किंवा आधीच्या शस्त्रक्रियेचा व्रण असलेल्या पोटात नळी आतड्यात शिरल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. बरणीत जमा होणारा ऐवज पिवळा असला तर काम ठीक चालले आहे. तो लाल होऊ लागला की थांबायचे. किती काढले हे बरणीवरच्या खुणा सांगतात, कुठे थांबायचे हे चिमटीत येणाऱ्या कातडीची जाडी सांगते. चिरा अनेकदा शिवत नाहीत, आत उरलेले पाणी झिरपून जावे म्हणून उघड्या ठेवतात. नंतर चार-सहा आठवडे घट्ट पट्टा घालावा लागतो, सूज उतरायला महिने जातात आणि खरा आकार तीन ते सहा महिन्यांनी दिसतो. संध्याकाळी घरी जाण्याची गोष्ट जाहिरातीत असते. हे महिने नसतात.

हे वर्णन वाचून एक गोष्ट मान्य केली पाहिजे. शिकलेल्या हाताने, मर्यादित प्रमाणात, धीराने केलेली ही शस्त्रक्रिया म्हणजे भोंदूगिरी नव्हे. लिपेडिमा नावाच्या विकारात पायांची चरबी वेदनादायक रीतीने वाढते आणि आहार कमी करून हटत नाही. तिथे हिचा खरा उपयोग होतो. भाजलेल्या किंवा कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर खचलेल्या जागी रुग्णाचीच चरबी काढून भरता येते. कौशल्याचा येथे निषेध नाही. ते कौशल्य कोणाच्या ताब्यात आहे आणि त्याच्या सुरक्षिततेच्या अटी कोण मोडतो, हा वादाचा मुद्दा आहे.

लिग्नोकेनचेच घ्या. सर्वसाधारण वापरात अ‍ॅड्रिनलिनसह त्याची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे सात मिलिग्रॅम मानली जाते. साठ किलोच्या बाईला म्हणजे ४२० मिलिग्रॅम. क्लाइन यांच्या पद्धतीत दर किलोला ३५ मिलिग्रॅम चालतात, म्हणजे त्याच बाईला २१०० मिलिग्रॅम, नेहमीच्या पाचपट. हे चालते, कारण पातळ केलेले औषध चरबीतून अतिशय संथपणे रक्तात उतरते. पण संथपणे उतरते याचाच दुसरा अर्थ असा की रक्तातील त्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर आठ ते सोळा तासांनी शिखर गाठते. सकाळी टेबलावरून उतरलेली बाई रात्री आपल्या घरी अंथरुणावर असते, दवाखान्याला कुलूप असते आणि औषध तेव्हा सर्वोच्च पातळीवर असते. ओठ बधिर होणे, कानांत गुणगुणणे, तोंडाला धातूची चव येणे ही पहिली लक्षणे. प्रमाण आणखी चढले तर झटके येतात आणि हृदय थांबू शकते. घरातल्या माणसाला हे कोणी सांगितलेले असते काय? पायांत किंवा ओटीपोटात गोठलेले रक्त फुफ्फुसात जाऊन अडकणे, चरबीचे कण रक्तात शिरणे, सोडलेले पाणी रक्तात जास्त उतरून फुफ्फुसांत साचणे, चरबीच्या पोकळीत जंतुसंसर्ग पसरणे, हे धोके तर पुढच्या तासांत आणि दिवसांत डोके वर काढतात. एवढा मोठा धोक्याचा काळ दवाखान्याबाहेर ढकलून द्यायचा आणि त्यालाच सोय म्हणायचे, ही या धंद्याची खरी कल्पकता.

आकडे उपलब्ध आहेत आणि ते अमेरिकेतले आहेत, कारण भारतात असे मृत्यू कोणी वेगळे मोजत नाही. १९९४ ते १९९८ या काळातील सुमारे पाच लाख शस्त्रक्रियांविषयी तेथील प्लॅस्टिक सर्जन मंडळींना विचारणा करण्यात आली आणि २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : ९५ मृत्यू, म्हणजे जवळपास पाच हजारांमागे एक. सर्वांत मोठे कारण फुफ्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी. पाच हजारांत एक हा आकडा कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत कोणी मनावर घेणार नाही. पण धडधाकट माणूस चालत येतो, त्याला कोणताही रोग नसतो, आणि पाच हजारांतला एक परत जात नाही, याला वैद्यकशास्त्रात दुसरे उदाहरण शोधावे लागेल. हे मृत्यू बहुतांशी कोठून येतात तेही आता ठाऊक झाले आहे. एकाच बैठकीत फार चरबी काढणे, लायपोसक्शनला दोन-तीन इतर शस्त्रक्रिया जोडणे, भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षतेची सोय नसलेल्या जागी काम करणे, आणि रुग्णाला लवकर घरी धाडणे, ही ती कारणे. यांतील प्रत्येक गोष्टीने कोणाचा तरी खर्च वाचतो किंवा बिल वाढते.

भांडवलशाहीच्या माहेरघरालाही हे पचले नाही. दवाखान्यांत होणाऱ्या शस्त्रक्रियांतील मृत्यूंनंतर फ्लोरिडा राज्याने २००० साली पूर्ण भुलीखाली दवाखान्यात होणाऱ्या शस्त्रक्रियांवर काही काळ बंदी घातली. तेथे दवाखान्यात किती चरबी काढायची याची मर्यादाही नियमाने बांधलेली आहे. आपल्याकडे मे २०२२ मध्ये बंगळुरूत चरबी काढण्याची शस्त्रक्रिया करून घेतलेली एकवीस वर्षांची कन्नड दूरचित्रवाणी अभिनेत्री मरण पावली. चार दिवस बातम्या झाल्या, त्यातही तिचे छायाचित्र मोठे आणि तिच्या मृत्यूचे वैद्यकीय कारण लहान अक्षरांत. पडद्यावर दिसणारी मुलगी होती म्हणून चार दिवस तरी झाल्या.

आता जाहिरातीतील मुख्य आश्वासनाकडे वळावे : वजन उतरेल, आरोग्य सुधारेल. पाच लिटरच्या पुढे ऐवज काढणे ही मोठी आणि जोखमीची शस्त्रक्रिया समजली जाते आणि रुग्णाला रात्रभर देखरेखीखाली ठेवण्याची शिफारस आहे. त्या पाच लिटरांतही पाणी असते. म्हणजे सुरक्षित मर्यादेत उतरणारे वजन दोन-चार किलोंचे. आणि आरोग्य? अमेरिकेतील सेंट लुइस येथील संशोधकांनी १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरून मोठ्या प्रमाणावर, सरासरी दहा किलोंच्या आसपास, चरबी काढून दहा-बारा आठवड्यांनी तपासण्या केल्या. रक्तदाब, रक्तातील स्निग्धांश, इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद, कशातही सुधारणा नव्हती. २००४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात असे आढळले की वर्षभरात शरीराने गेलेली चरबी परत मिळवली. मांड्यांवरची कमी झाली ती कमीच राहिली, पण भरपाई पोटाकडे झाली. म्हणजे गिऱ्हाइकाने पैसे मोजून चरबीची बदली करून घेतली, तीही अधिक वाईट ठिकाणी.

याचे कारण साधे आहे. नळी पोचते ती कातडीखालच्या चरबीपर्यंत. मधुमेह आणि हृदयविकाराशी ज्या चरबीचा निकटचा संबंध आहे ती पोटाच्या पोकळीत, आतडी आणि यकृत यांच्या सभोवती असते. तिथे नळी पोचत नाही, आणि पोचली तर माणूस मरतो.

ही आतली चरबी कोठून येते, या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर महाराष्ट्रानेच जगाला दिले आहे आणि ते शेठजींच्या बंगल्यात नव्हे, पुणे जिल्ह्यातील खेड्यांत मिळाले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून सहा गावांतील स्त्रियांचा गरोदरपणाच्या आधीपासून अभ्यास केला. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोंची भरली. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोंची. आपली बाळे हातापायांनी काटकुळी, स्नायूंनी हलकी, पण चरबी मात्र त्यांनी राखून ठेवलेली. अर्धपोटी राहून शेतात राबणाऱ्या, डोक्यावर पाणी वाहणाऱ्या आईच्या पोटात गर्भ जणू दुष्काळाची तयारी करतो. स्नायूंत काटकसर करतो आणि चरबी साठवतो. तेच मूल पुढे शहरात आले, बैठ्या कामाला लागले, स्वस्त तेलात तळलेले आणि मैद्याचे खाऊ लागले की बारीक अंगकाठीतच मधुमेह घर करतो. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची उंची-वजनाची तुलना २००४ साली लॅन्सेटमध्ये छापून आली : दोघांचा शरीरभारांक अगदी सारखा, २२.३, पण शरीरातील चरबी ब्रिटिश माणसाची ९.१ टक्के आणि भारतीयाची २१.२ टक्के.

या शोधाचा राजकीय अर्थ कार्यकर्त्यांनी नीट ध्यानात घ्यावा. लठ्ठपणा हा श्रीमंतांचा रोग आणि उपासमार हा गरिबांचा, ही विभागणी आता टिकत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील १८.७ टक्के स्त्रिया हडकुळ्या आणि २४ टक्के अतिवजनाच्या आढळल्या. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची खुंटलेली होती. हे तीन आकडे परस्परविरोधी नाहीत. बऱ्याच प्रमाणात ती एकाच दारिद्र्याची वेगवेगळी वये आहेत. ज्या समाजाने आईला पोटभर दिले नाही, तोच तिच्या लेकीला तीस वर्षांनी पोट सुटले म्हणून लाजवतो आणि मग लाज विकत घेणारे दुकान उघडतो.

प्लॅस्टिक सर्जरीचा वारसा असा नव्हता. १७९४ साली लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये एक हकीकत छापून आली. इंग्रजी फौजेतील कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे नाक टिपूच्या लढाईत कैदेत पडल्यावर कापले गेले होते. पुण्याजवळच्या एका कुंभार जातीच्या वैद्याने कपाळाची कातडी फिरवून ते नवे घडवले. ती हकीकत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी प्रयत्न केले आणि १८१४ साली पहिली शस्त्रक्रिया केली. युरोपने ही विद्या एका कुंभाराकडून घेतली, आणि तिचा रुग्ण होता एक गाडीवान. पहिल्या महायुद्धात हॅरॉल्ड गिलिज यांनी ती खंदकांत चेहरे गमावलेल्या सैनिकांसाठी वापरली. गिलिज यांच्याच हाताखाली शिकून आलेले डॉ. नोशिर अंतिया यांनी कुष्ठरोगाने वाकडी झालेली बोटे आणि खचलेली नाके दुरुस्त करण्यासाठी ती पुण्याच्या कोंढव्यात आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात राबवली. माणसाला पुन्हा कामावर आणि माणसांत परत आणणारी शस्त्रक्रिया, अशी तिची त्यांच्या हातून ओळख झाली. पुढे हेच अंतिया मांडव्याच्या खेडुतांत आरोग्याचे काम करायला गेले, यात आश्चर्य काहीच नाही. नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. बालकृष्णन यांनी उभा केलेला विभागही सरकारी पैशाने, गोरगरीब रुग्णांसाठी उभा राहिला.

आज कोणत्याही जिल्हा रुग्णालयाच्या जळीत कक्षात जाऊन पाहावे. स्टोव्हने, भट्टीने किंवा घरच्यांनी जाळलेल्या बायका तेथे दिसतील. जीव वाचला तरी मान छातीला चिकटलेली, कोपर आखडलेले, बोटे एकमेकांत जुळलेली. कातडीचे एक ठिगळ वेळेवर मिळाले तर यातील किती तरी हात पुन्हा भाकरी थापू शकतील. ते ठिगळ लावू शकणारा शल्यविशारद सरकारी महाविद्यालयात, जनतेच्या पैशावर शिकला. आणि तो शहरातील काचेच्या इमारतीत धडधाकट पोटांतून चरबी ओढतो आहे. त्याला व्यक्तिशः दोष देऊन भागणार नाही. सरकारने जळीत कक्षांत पदे भरायची नाहीत, भरली तर कंत्राटी, आणि साहित्याला पैसे द्यायचे नाहीत. मग बाजार त्याला उचलून नेणारच.

या धंद्याचे समर्थक शेवटी व्यक्तिस्वातंत्र्याची ढाल पुढे करतात. शरीर बाईचे आहे, निर्णय तिचा आहे. हा युक्तिवाद समाजवाद्यांना नाकारता येणार नाही आणि नाकारूही नये. परंतु स्वातंत्र्य म्हणजे माहिती असलेल्या माणसाचा निर्णय. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात संमतीचे निकष सांगितले : उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि धोके रुग्णाला पुरेसे कळले पाहिजेत. इंग्रजीतल्या बारीक टायपाच्या छापील कागदावर टेबलावर जाण्याच्या दहा मिनिटे आधी घेतलेली सही या निकषाला उतरते काय? आणि जिथे जाहिरातच धोके झाकते, तिथे संमती मिळाली म्हणायचे की पळवली म्हणायचे?

सरकारची भूमिका तर अधिकच मौजेची आहे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा आरोग्यसेवेला करातून सूट मिळाली. पण जन्मजात व्यंग, इजा यांसारख्या कारणांवाचून केलेल्या सौंदर्यशस्त्रक्रियेला त्या सूटीतून वगळले गेले. म्हणजे तिजोरी भरताना सरकारला ठाऊक आहे की ही आरोग्यसेवा नव्हे, व्यापार आहे. मग व्यापाराला लागणारी तपासणी कुठे आहे? १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याच्या परिशिष्टात लठ्ठपणाचा समावेश आहे, पण त्याचा भर औषधांवर आहे. २००२ च्या आचारसंहितेने डॉक्टरला जाहिरात करून रुग्ण ओढण्यास मनाई आहे, पण डॉक्टरच्या जागी कंपनीचे नाव लावले की फलक निर्धास्त झळकतात. २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारला नाही. १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालू ठेवून २०२१ साली त्याच्या नियमांत दुरुस्त्या केल्या. त्या कायद्याची रचना रुग्णाला दाखल करून घेणाऱ्या शुश्रूषागृहासाठी आहे. सकाळी आणून संध्याकाळी घरी पाठवणारे दवाखाने नेमके त्याच फटीत वाढले. सोयीचे म्हणून जे विकले जाते ते कायद्याच्या दृष्टीनेही सोयीचेच ठरले.

मागण्या अवघड नाहीत. पूर्ण भूल देऊन किंवा ठरावीक मर्यादेपलीकडे चरबी काढून जिथे काम होते, तिथे भूलतज्ज्ञ, प्राणवायू, हृदय चालू करण्याची साधने आणि रात्रीचा मुक्काम सक्तीचा असावा. एका बैठकीत काढायच्या चरबीची मर्यादा महाराष्ट्राने नियमाने बांधावी. संमतिपत्र मराठीत असावे, शस्त्रक्रियेच्या किमान काही दिवस आधी द्यावे आणि त्यात लिग्नोकेनच्या रात्रीच्या धोक्याची लक्षणे व तातडीचा दूरध्वनी क्रमांक ठळक छापलेला असावा. सौंदर्यशस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत झालेला प्रत्येक मृत्यू आरोग्य खात्याला कळवणे बंधनकारक करावे. या शस्त्रक्रियांवर सरकार जो कर गोळा करते तो जळीत कक्षांच्या पदांवर आणि साहित्यावर खर्च व्हावा.

यातील बहुतेक कामाला विधानसभेची वाट पाहण्याची गरज नाही. शुश्रूषागृहांची नोंदवही महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे असते. आपल्या प्रभागातील जाहिरात करणारे किती दवाखाने त्या नोंदवहीत आहेत, तेथे शस्त्रक्रिया करणाऱ्याची नेमकी पदवी कोणती, भूल कोण देतो, ही माहिती माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या अर्जावर मागता येते. महिला आघाडीच्या शाखांनी हे अर्ज आपल्या नावाने करावेत, आणि तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील त्याच कार्यालयात, पंचेचाळीस दिवसांचा हिशेब वहीत लिहून, दाखल करावे.